वरची खूण

पट्टीच्या टोकाला तेल जेमतेम लागलेलं... खालच्या खुणेपर्यंतही पुरतं पोचलेलं नाही. शफीने पट्टी फडक्याने पुसली, इंजिनात पुन्हा खुपसली, पुन्हा ओढली — तेच. काल तर ओतलं होतं, परवाही. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही आणि एवढ्यात या गाडीला भस्म्या रोग जडला म्हणायचा. त्याने डब्याचं झाकण उघडलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि तेलाची धार सोडली. तेवढ्यापुरतं त्याच्या जिवाला बरं वाटलं.

गाडी उताराच्या अंगणात, तोंड वर करून, अगदी दाराला टेकून उभी होती. आजारी बायकोला, खुर्शीदाला, चार पावलंही चालायला लागू नयेत म्हणून तो ती रोज सकाळी अशी चढवून आणायचा, इंजिन बंद करायचा आणि ते गरम असतानाच पट्टी ओढायचा. ही जीपवरची रीत. त्याची काळीपिवळी जीप पोंभुर्णा-चंद्रपूर रस्त्यावर त्याच्या अर्ध्या आयुष्याएवढी धावली ती रोजच्या तेलावर. एक दिवस ओतलं नाही की खडखडाट सुरू. न्याहारीआधी तिला पाजायचं, मग आपण चहा घ्यायचा. कोरपन्याकडे सिमेंटच्या कारखान्यात असलेल्या अकरमने अम्मीसाठी ही नवी गाडी घेऊन दिली तेव्हा फोनवर बजावलं होतं, ‘अब्बा, हिला जीपसारखं तेल लागत नाई. सर्व्हिसिंगपर्यंत हात नका लावू.’ शफी नुसता हसला होता. चाक फिरवणाऱ्या बापाला पोरगा गाडी शिकवतो! आणि पट्टी काय खोटं बोलते?

पट्टी खोटं बोलत नव्हती, धूरही नाही. गेल्या काही फेऱ्यांपासून मागून निळसर धूर निघत होता. म्हणजे इंजिन आतून जळतंय... आणि एक दिवस ही जंगलातल्या कुठल्याशा वळणावर बंद पडेल, मागे खुर्शीदा असेल, आणि आपण रस्त्यावर हात दाखवत उभे असू. ती एकदा बसमध्ये बेशुद्ध पडली होती, लोकांच्या पायांत. तेव्हा शफीने तिचं डोकं मांडीवर घेऊन अख्ख्या बसला शिव्या घातल्या होत्या. पुन्हा ते नको. डायलिसिस चुकवून चालत नाही, एक फेरीही नाही... गाडी मेली तर ती मेली. हा हिशेब त्याला झोपेतही सुटत नव्हता.

‘अकरमचे अब्बा...’ खुर्शीदा दारात उभी. पावलं सुजलेली, चपलेत मावत नव्हती. ‘घोटभर द्या ना. तोंड कसं लाकूड झालं.’

डॉक्टरांनी दिवसाचं पाणी लहानशा बाटलीत ठरवून दिलं होतं. बाटली सकाळी भरायची, त्यातूनच दिवस काढायचा. पण तहानलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? दारात आलेल्या परक्यालाही आपण आधी पाणी विचारतो. शफीने माठातून पेला भरला. बाटलीतलं नव्हेच ते, म्हणून ते मोजायचंही नव्हतं... असं तो मनाला समजावायचा. तिने गटागटा पिऊन डोळे मिटले, आणि त्याच्या जिवाला पुन्हा तसंच बरं वाटलं.

रस्त्याला दोन्हीकडे साग उभा होता. तो आरशात खुर्शीदाला बघायचा, मग धुराला, मग खुर्शीदाला. धूर मागच्या फेरीपेक्षा जास्त होता. तिचा चेहराही कालच्यापेक्षा जास्त सुजला होता. पोहोचव, एवढी फेरी पोहोचव... हे तो गाडीला म्हणत होता की अल्लाला, की तिला, त्याचं त्यालाच कळेना.

दवाखान्यात नर्सने काट्यावर नजर टाकली आणि कपाळाला आठी घातली. ‘पुन्हा वाढलं वजन. हे सगळं पाणी आहे, बाबा. फुप्फुसात शिरलं तर धावायलाही वेळ मिळणार नाही. मोजूनच देता ना?’

‘मोजूनच,’ शफी म्हणाला. खुर्शीदाने छताकडे बघितलं. तिने त्याला सांभाळून घेतलं, तेच त्याला जास्त लागलं.

मशीन सुरू झाली की माणसाला बाहेर बसवतात. तो बराच वेळ बाकावर बसून राहिला, मग राहवेना म्हणून गाडीपाशी आला. परतीला ही टिकेल का? दवाखान्याचं आवार फरशीसारखं सपाट होतं आणि इंजिन केव्हाच थंड झालं होतं. त्याने पट्टी पुसून खुपसली, ओढली, आणि बघतच राहिला. तेल वरच्या खुणेच्याही पार वर, पट्टीच्या दांड्यापर्यंत आलेलं. चुकलं असेल काही. त्याने पुन्हा ओढली. पुन्हा तेच.

शेजारच्या जीपचा ड्रायव्हर, भद्रावतीचा दादाजी, त्याच्याकडे बघत होता. त्याचाही पेशंट आत होता. तो उठून आला.

‘काऊन एवढं टाकून राह्यले भाऊ?’

‘घरी कमी दाखवते ना. रोजच.’

‘चढावावर लावता का? अन् गरमागरम पाह्यता?’

शफीने मान हलवली.

‘मंग कमीच दिसन. तेल कुठी वरच अडकून रायते, अन् चढावावर पट्टीपासून दूर सरते. जास्तीचं झालं का ते घुसळते, जळते, निळा धूर सोडते.’ दादाजी हसला. ‘गाडीले काई नाई झालं भाऊ. तुम्हीच तिले पाजू पाजू मारून राह्यले. खालचा नट ढिला करा, जास्तीचं काढून टाका, बस.’

बस... दादाजी केव्हा गेला ते शफीला कळलं नाही. हातातल्या पट्टीवरून तेल मनगटाकडे ओघळत होतं. आत, भिंतीपलीकडे, मशीनही हेच काम करत होती — त्याने पाजलेलं काढत होती, थेंब थेंब, तिच्या रक्तातून. म्हणजे मी... जीपला पाजलं तेव्हा जीप चालली. पोराला भरवलं, पोरगा वाढला. मला येतं ते एवढंच, ओतणं. कुणी सुकलं की ओतायचं. मग आता मी काय करायचं? नुसतं बघत बसायचं? ती पाणी मागणार आणि मी... या अल्ला, हे कसं करतात माणसं?

जास्तीचं तेल त्याने डब्यात काढून घेतलं. संध्याकाळी उन्हं उतरताना दोघं निघाली, आणि अर्ध्या वाटेपर्यंत मागे धूर दिसला नाही. त्याला आनंद व्हायला हवा होता.

‘ऐकता का,’ मागून खुर्शीदाचा पिळून काढलेला आवाज आला. ‘जरासं पाणी.’

त्याने गाडी सागाच्या सावलीत घेतली, मागचं दार उघडून तिच्याशेजारी बसला. दिवसाची बाटली रिकामी झाली होती. दुसरी, वाटेतल्या हापशावर सवयीने भरून घेतलेली, त्याच्या हातात होती, थंडगार. खुर्शीदाने ओठ उघडे ठेवून त्याच्याकडे पाहिलं, इतक्या विश्वासाने, की शफीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताची भीती वाटली. झाकणावर बोटं तशीच राहिली.

‘द्या ना,’ ती म्हणाली.