केंद्रात आलेले रुग्ण

मोठ्या बाई त्या दिवशी दवाखाना बंद करायलाच निघाल्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे जिल्ह्यातल्या सगळ्या सिस्टरांच्या सुपरवायझर. हे नाव त्यांना ऑफिसनं ठेवलं होतं, तेही उंचीवरून नव्हे, आवाजावरून. पर्समध्ये शिक्क्यासकट हुकूम होता: डोंगराकडच्या आरोग्य उपकेंद्राची इमारत बंद करावी, तिथल्या सिस्टरची बदली करावी, कुलूप लावून किल्ली आणावी. कारण अगदी साधं होतं. प्रत्येक केंद्रातून रोजचा तक्ता येतो, त्यात ‘केंद्रात आलेले रुग्ण’ असा रकाना असतो. या केंद्राच्या त्या रकान्यात तीन वर्षं शून्य होतं.

एखादा दिवस नव्हे, आठवडा नव्हे, तीन वर्षं! कामचुकार माणूससुद्धा लाजेकाजेस्तव चार-दोन आकडे ठोकून देतो. हिनं तेवढीही तसदी घेतली नव्हती.

“तीन वर्षं बसून खातेय,” बाई जीपमध्ये म्हणाल्या.

“बसून की झोपून?” ड्रायव्हरनं आगीत तेल ओतलं.

पूर्वसूचना न देता, सकाळी सातलाच जीप केंद्रापाशी पोचली. केंद्र गावापासून चांगलं अर्धा तास चढावर. कुणीतरी ही खडकाळ जागा फुकट दिली, म्हणून सरकारनं तिथंच बांधलं. आजारी माणसानं तिथवर चढायचं म्हणजे आधी ठणठणीत असायला हवं. दाराला कुलूप होतं आणि फळ्यावर खडूनं लिहिलं होतं, ‘सिस्टर डेअरीत आहे.’

बाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “दूध घालायला जाते वाटतं! चल रे खाली. आज हिची वरातच काढते.”

डेअरी म्हणजे गावाच्या तोंडाशी एक पत्र्याची शेड. बाहेर कॅन घेतलेल्या माणसांची रांग, आत दूध मोजणारा काका, आणि त्याच्या मापाच्या काट्याशेजारी भिंतीला टेकून एक लांब बाक. बाकावर सहा माणसं बसली होती. पाय जमिनीला टेकलेले, हात मांडीवर, तोंडं बंद. बाकी शेडमध्ये कॅन आदळत होते, काका आकडे ओरडत होता, आणि हे सहाजण आपले ढिम्म.

बाकाच्या टोकाला स्टुलावर सिस्टर होती. किरकोळ अंगाची, चष्म्याची तुटलेली दांडी दोऱ्यानं बांधलेली. एका म्हातारीच्या दंडाला पट्टा गुंडाळून ती रक्तदाब मोजत होती.

“सिस्टर!” बाई गरजल्या.

सिस्टरनं मान वर केली आणि ओठांवर बोट ठेवलं. गप्प!

तीस वर्षांच्या नोकरीत मोठ्या बाईंना गप्प करायची कुणाची छाती झाली नव्हती. ड्रायव्हर तर जीपच्या मागेच गेला. पण त्या बोटात उद्धटपणा नव्हता, काम होतं, आणि कामाची माणसं कामाला ओळखतात. बाई गप्प राहिल्या. पट्ट्यातली हवा सुटली, सिस्टरनं वहीत आकडा लिहिला आणि मग धावत येऊन म्हणाली, “माफ करा बाई, बोललं की दाब वर चढतो. पाच मिनिटं गप्प बसायचं हा इथला नियमच आहे.”

“आणि पाळतात?”

“पाळतात तर!” काका मापावरून म्हणाला. “ते दोघे सख्खे भाऊ, बांधावरून कोर्टात गेलेत. इथं मांडीला मांडी लावून बसतात. आणि त्या सासूसुना. घरी पाच मिनिटं गप्प बसल्या असत्या तर गोळ्याच लागल्या नसत्या!”

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते गिळलं. “वही दाखव.”

वही बघताना मात्र त्या बाहेरच्या कॅनवर टेकल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. रक्तदाबाची दोनशे बारा माणसं, प्रत्येकाचं पान वेगळं. मोजलेले आकडे दर पंधरवड्याला लिहिलेले. सिस्टर ही पानं दुधाच्या टँकरबरोबर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवायची, तिथला डॉक्टर ती वाचून नावानिशी गोळ्यांची पाकिटं द्यायचा, आणि परतीच्या फेरीत टँकर ती घेऊन यायचा. दोनशे बारांपैकी एकशे नव्वद जणांचा दाब काबूत होता. शेवटच्या पानावर लकव्याचा हिशोब: ती आली त्या वर्षी गावात अकराजण अंथरुणाला खिळले होते, गेल्या वर्षी एक.

बाई अशा आकड्यांवर सहजासहजी विश्वास ठेवणाऱ्या नव्हत्या. त्यांनी डोळे मिटून पाच पानं काढली, ती पाच माणसं रांगेतून नि गावातून बोलावून घेतली आणि प्रत्येकाला खोदून खोदून विचारलं. गोळी कोणती, कधी घेता, चुकली तर काय करता? पाचही जणांनी पाठ असल्यासारखं सांगितलं. एक तरुण बाई कडेवरचं पोर सावरत म्हणाली, “मी तर बाकावर नुसती दम खायला बसले होते, आठवा महिना होता. ताईंनी पट्टा बांधला नि त्यांच्या तोंडचं पाणीच पळालं. टँकर थांबवून मला पुढच्या सीटवर घातलं. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळ झाली असती तर दोघीही गेलो असतो.” पोरगी आईच्या कानातलं ओढत बाईंकडे टकमक बघत होती.

बाईंनी तीस वर्षांत शेकडो केंद्रं पाहिली होती. असं काम पाहिलं नव्हतं. आणि मन भरून आलं की त्या नेहमी रागावायच्या.

“अगं शहाणे, मग तक्त्यात शून्य का लिहितेस?”

सिस्टर गोंधळली. “रकाना ‘केंद्रात आलेले रुग्ण’ असा आहे ना, बाई. केंद्रात कुणी आलंच नाही. सकाळी धार काढली की माणसं इथं येतात आणि इथूनच शेतावर जातात. मग मीच इथं येते. बाहेर तपासलेल्यांचा रकाना शोधला मी, पण नाही छापलेला. खोटं कसं लिहिणार?”

बाईंनी हुकूम काढून तिच्या हातात दिला. सिस्टरनं तो दोनदा वाचला. वहीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, “पुढच्या मंगळवारी एकोणतीस जणांच्या गोळ्या संपतायत. त्यांचं कोण बघेल?”

बाकावरचे सगळे ऐकत होते. त्यांची पाच मिनिटं कधीच संपली होती, तरी कुणी हललं नाही.

बाईंनी हुकूम परत घेतला आणि चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला. मग त्यांचा तो नावाजलेला आवाज शेडभर घुमला. “ड्रायव्हर! पाना आहे ना जीपमध्ये? वर जा आणि केंद्राची पाटी काढून आण. काका, तुमच्या भिंतीवर जागा आहे?”

“आहे की,” काका म्हणाला. “एक माप इथं आहेच, दुसऱ्याचं काय ओझं!”

“इमारत बंद करायला सांगितलंय, ती मी बंद करते. सिस्टरची बदली करायला सांगितलंय, ती वरून खाली या डेअरीत करते. केंद्र कुठं असावं हे कुठंच लिहिलेलं नाही. ऑफिसात काय सांगायचं ते माझं मी बघते.”

पाऊण तासात पाटी बाकाच्या वर ठोकली गेली. खिळे त्या कोर्टातल्या भावांनीच ठोकले, एकानं धरले, दुसऱ्यानं हाणले, अर्थात न बोलता. रांग एव्हाना पांगली होती. बाईंनी तक्ता सिस्टरपुढे सरकवला. “आता लिही. आज किती तपासलेस?”

“एकेचाळीस.”

“मग लिही की!”

सिस्टरचं पेन रकान्यावर अडलं. “आजचे नाही धरता येणार, बाई. ते आले तेव्हा पाटी इथं नव्हती.”

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. या पोरीच्या शून्यावरून आपण तिला कामचुकार ठरवलं होतं, याची त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी पर्स खाली ठेवली, बाही वर सारली आणि पाटीखालच्या बाकावर बसल्या.

“मग एक लिही. पाटी लागल्यावर मी आलेय. आणि हे बघ, दोन महिने झाले, रोज सकाळी माझं डोकं असं काही—”

“शू,” सिस्टर म्हणाली. “पाच मिनिटं.”

आणि मोठ्या बाई गप्प बसल्या.