शामराव गुरवांची पिशवी

शामराव गुरवांनी फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही मराठीच न्हवं? मग तुमच्यासंगंच फिरायचं."

तनया सबनीस जयपूरमध्ये पाहुण्यांना पायी फिरवायची. तिचे वडील विमा कंपनीतल्या बदलीवर सोलापूरहून इथे आले आणि पुढे मालवीय नगरमध्येच स्थिरावले. तनयाचा जन्म इथलाच. सत्तावीस वर्षांची होती, मराठी बोलता यायचं, पण मध्येच 'मतलब' आणि 'भैया' घुसायचे. जुन्या शहरातल्या गल्ल्या, नाहरगडची चढण, आमेरमागची टेकडी, सगळं तिच्या पायाखालचं होतं. पाहुणे बहुधा परदेशी, नाहीतर बंगळूरचे तरुण. कराडजवळच्या पाटण खोऱ्यातला साठी ओलांडलेला माणूस, एकटा, जानेवारीच्या थंडीत, दोन दिवस फक्त चालायला येतोय म्हणजे काय, ते तिला समजेना.

सकाळी आठ वाजता ते चांदपोल दरवाज्यापाशी उभे होते. पांढरा लेंगा, तपकिरी स्वेटर, डोक्याला मफलर. खांद्यावर खाकी कॅनव्हासची पिशवी, तिच्या वजनाने एक खांदा खाली झुकलेला.

"काका, ही पिशवी हॉटेलवर ठेवायची ना. दिवसभर चालायचंय."

"असू द्या," ते म्हणाले आणि पिशवी पुढे, पोटाशी घेतली.

तनयाने नेहमीसारखं सुरू केलं. शहराची आखणी, सरळ रस्ते, हवेल्यांच्या जाळ्या. शामराव मान हलवत होते, पण त्यांची नजर वर एकदाही गेली नाही. ती दुकानांच्या पाट्यांवरून फिरत होती. कचोरीच्या दुकानापाशी तनया थांबली, तर ते म्हणाले, "मूर्ती घडवणारी माणसं कुठं बसत्यात?"

खजानेवालों का रास्ता तिथून जवळच होता. गल्लीत शिरताच ग्राइंडरचा आवाज कानात बसला. दारोदारी संगमरवराचे देव उभे, कुणाला चेहरा नाही, कुणाला हात नाहीत, आणि सगळ्यांवर पिठासारखी पांढरी धूळ. इथे आल्यावर शामरावांच्या अंगात जणू दुसरा माणूस शिरला. दर दुकानात जाऊन ते फोनवरचा एक फोटो दाखवायला लागले. काळ्या दगडाची देवी, वीतभर उंचीची, झिजलेली, शेंदराने माखलेली.

"ऐसा बनाते क्या? हूबेहूब?" त्यांनी एका दुकानदाराला विचारलं. "और नया पत्थर पुराना कैसा दिखाते?"

दुकानदाराचं हसू मावळलं. त्याने आधी तनयाकडे पाहिलं, मग शामरावांकडे. "हम ऐसा काम नहीं करते," म्हणाला आणि पाठ फिरवून छिन्नी उचलली.

चार दुकानांत तोच प्रश्न, तेच उत्तर. पाचव्या दुकानात एका म्हाताऱ्या कारागिराने शामरावांना बाजूला घेऊन हळू आवाजात काही सांगितलं. तनया जवळ गेली तसे दोघेही गप्प झाले.

दुपारी चहाच्या टपरीवर त्यांना फोन आला. ते उठून भिंतीच्या आड गेले, पण आवाज येत होता. "न्हाई, अजून कुणाला कळलं न्हाई. तू घाबरू नको. कुणी इचारलं तर झिजलीया म्हणून वज्रलेपाला नेलीय म्हणायचं, दुसरं काय बोलायचं न्हाई."

ते परत आल्यावर तनयाने सहज विचारल्यासारखं विचारलं, "काका, पिशवीत काय आहे?"

"कपडं हायती," ते म्हणाले. पण त्यांनी पिशवी बाकावर ठेवली तेव्हा दगड टेकल्यासारखा आवाज झाला होता.

संध्याकाळी तिने आईला सगळं सांगितलं. रत्नप्रभाबाई मेथी निवडत होत्या. "अगं, गुरव म्हणजे देवळातली पूजा करणारी माणसं. असा माणूस चोर कसा असेल?"

"मम्मी, मतलब, ज्याच्याकडे देवळाची चावी त्यालाच सगळ्यात सोपं ना?"

रत्नप्रभाबाईंचे हात थांबले. "मग उद्या जाऊच नकोस."

तेवढ्यात शामरावांचाच फोन आला. उद्या शहराबाहेर, चौमूं गावाकडे जायचं होतं, शेतांतून चालत. भंवरलाल नावाच्या कारागिराला भेटायचं होतं.

तनयाने लगेच त्याच गल्लीतल्या ओळखीच्या दुकानदाराला, चंदनजींना, फोन लावला. ते म्हणाले, भंवरलालचा हात असा की अस्सल कुठली आणि नक्कल कुठली ते कळत नाही. तो स्वतः भला माणूस. पण लोक त्याच्याकडून नक्कल करून नेतात, देवळात ठेवतात, आणि अस्सल मूर्ती विकतात. "सँभल के, बेटा."

म्हणजे पिशवीत अस्सल होती. नक्कल करायला आणलेली. तनयाला रात्री नीट झोप लागली नाही. न जावं तर हा माणूस एकटा जाईल, काम करून घेईल, आणि कुठल्यातरी गावातली देवी कायमची जाईल. पोलिसांकडे जावं तर सांगणार काय? एक फोटो आणि एक जड पिशवी. सकाळी तिने फोनवरून आपला ठावठिकाणा आईला दिसेल असं केलं आणि निघाली.

बस सीकर रोडने विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्राच्या कारखान्यांमधून गेली. चौमूंच्या तीन-चार किलोमीटर अलीकडे ते उतरले. तिथून रेताड पायवाट शेतांत शिरत होती. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली, बांधावर छाटलेली खेजडीची झाडं. धुकं अजून पूर्ण वर गेलं नव्हतं. आजूबाजूला माणूस दिसत नव्हता. शामराव पुढे चालत होते, एका लयीत, डोंगरात राहणारा माणूस चालतो तसे. तनयाने मुद्दाम अंतर ठेवलं होतं.

अर्ध्या तासाने एक पडकी विहीर लागली. तनया तिच्या कट्ट्यापाशी थांबली.

"काका, पिशवी उघडा. नाहीतर मी पुढे येणार नाही. आणि मी कुठे आहे ते घरी माहीत आहे."

शामराव वळले. रागावतील असं तिला वाटलं होतं. पण ते कट्ट्यावर बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि धोतराचा जुना तुकडा उलगडला. आत फोटोतली देवी होती.

"चोरलीत ना?"

"मी न्हाई चोरली, पोरी. ही आमची वाघजाई न्हवंच."

मग ते बोलायला लागले. चाळीस वर्षं रोज सकाळी तेच देवीला आंघोळ घालायचे. देवीच्या मानेमागे एक खाच होती, अंगठ्याएवढी. पुसताना अंगठा आपोआप तिथे जायचा. दिवाळीनंतर एके सकाळी अंगठा गेला आणि खाच नव्हती. बाकी सगळं तेच. नाक झिजलेलं तसंच, शेंदूर तसाच. गावातल्या कुणालाच फरक दिसला नाही.

"सांगायचं होतं ना गावाला."

"चावी कुणाच्या घरात? माझ्या. पयला चोर कोण? मीच." त्यांनी मूर्ती पुन्हा गुंडाळली. "कराडच्या एका मूर्तिकाराला दावली. त्यो म्हणला, ह्यो हात जयपूरचा. मग घडवणारा हुडकायला, वज्रलेपाला नेतो सांगून निघालो. बायकोबिगर कुणाला ठाव न्हाई."

तनया ऐकत होती, पण तिचा विश्वास बसत नव्हता. चोरानेही हीच गोष्ट सांगितली असती. खाच होती की नव्हती, हे ह्या एका माणसाच्या अंगठ्याशिवाय कोण सांगणार? तरी ती उठली. खरं काय ते भंवरलालच सांगू शकत होता.

भंवरलालजींचं घर गावाच्या टोकाला होतं. अंगणात खाट, कडेला दगडांचे तुकडे. ऐंशीच्या घरातले, डोळे हल्लीच अधू झालेले. शामरावांनी मूर्ती खाटेवर ठेवली. भंवरलालजींनी ती उचलली, उलटी केली आणि बुडावरून बोट फिरवलं.

"मेरी है," ते म्हणाले. "तीन लकीरें. हर नक्कल के नीचे डालता हूँ, ताकि कोई उसे असली न समझे."

तनयाने वाकून पाहिलं. बुडावर नखाने ओढल्यासारख्या तीन बारीक रेघा होत्या. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच लाजही वाटली.

शामरावांनी विचारलं, "बनवाने कौन आया था?"

गेल्या उन्हाळ्यात दोघे आले होते, भंवरलालजी म्हणाले. जुनी मूर्ती भंगत चालली आहे, म्हणून देवळासाठी दुसरी हवी, असं सांगितलं होतं. मूर्तीचे फोटोही दाखवले होते. नावं आठवत नव्हती. पण मापाचा कागद होता. काम संपलं तरी ते माप फेकत नसत. त्यांची सून आत जाऊन पत्र्याच्या डब्यातून एक घडी घातलेला कागद घेऊन आली.

वहीतलं पान होतं, बॉलपेनने लिहिलेलं. "उंची एक वीत, दोन बोटं," तनया अडखळत वाचायला लागली. "खांदे, सहा बोटं. मानेला..."

"बास," शामराव म्हणाले.

त्यांनी कागद घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. भंवरलालजींनी विचारलं, "पहचानते हो?"

"नहीं," शामराव म्हणाले. "कोई दूसरा है."

तनयाने त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्यांनी कागद घडी न घालताच मुठीत दाबून धरला होता. हा माणूस खोटं बोलत होता, आता तर नक्कीच.

परतीची वाट त्याच शेतांतून होती. एका शेताच्या कोपऱ्यावर तीन-चार बाया काटक्यांची शेकोटी करून हात शेकत होत्या. त्यांनी बोलावलं तसे शामराव जाऊन उभे राहिले. कागद त्यांच्या मुठीत होता. तनयाची नजर त्या मुठीवरून हलेना. जाळ एका हाताच्या अंतरावर होता. त्यांनी मूठ उघडली. परत मिटली.

मग ते मागे सरकले, वाटेवर आले आणि कागद तिच्यापुढे धरला.

"ह्यो तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी ऱ्हायला तर मी फाडीन."

"कोणाचं अक्षर आहे, काका?"

"निनादचं. माझा पोरगा. त्याला पाटीवर मी शिकवलंय लिहायला. 'ख'चं पोट फोडून 'रव' लिहितो, लहानपणापासनं. किती सांगितलं, सुधारलं न्हाई."

तिने कागद पाकिटात ठेवला. थोडं पुढे गेल्यावर तिने त्यांच्या खांद्यावरची पिशवी मागितली, आणि ह्या वेळी त्यांनी ती दिली.

चालता चालता ते एकदाच बोलले. "आत्ता फोन केला तर त्यो मूर्ती हलवंल. आन न्हाई केला तर बापानं पोराला न सांगता पकडून दिल्यागत हुईल."

त्यांनी फोन केला नाही. संध्याकाळच्या गाडीने ते गेले.

नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला: कागद पाठव, तालुक्याच्या पोलीस ठाण्याच्या पत्त्यावर. तनयाने पोस्टात जाऊन रजिस्टर्डने पाठवला. खिडकीतून पावती घेताना तिचा हात क्षणभर मागे आला, कारण आता तो कागद परत घेता येणार नव्हता.

पुढे तीन आठवडे काहीच कळलं नाही. मग एका दुपारी शामरावांचा फोन आला. निनादने कबूल केलं होतं. दुकान बुडालं म्हणून केलं, म्हणाला. देवी पुण्याच्या एका गोदामात सापडली, पोत्यात. कोर्टाचं झालं की गावाला मिळेल. गावाने गुरवांकडून देवळाची चावी काढून घेतली होती.

"तुमची काय चूक त्यात?" तनया म्हणाली.

"चावी माझ्याच घरातनं गेली न्हवं? बरोबर केलं त्यांनी. बायको बोलत न्हाई माझ्यासंगं. सकाळी डबा घिऊन गेलतो पोराकडं, कोठडीत. त्यानं तोंड फिरवलं."

"मग?"

"मग काय. शिपायापाशी ठेवून आलो. उद्या परत जाणार हाय."

फोन ठेवल्यावर तनया गॅलरीतच उभी होती. आईने आतून दोनदा हाक मारली, काय झालं म्हणून. काय झालं ते तिने आत जाऊन, सावकाश, पहिल्यापासून सांगितलं.