रणगाड्याचा दात

माझ्या थोरल्या भावाकडे रिमोटवर चालणारा रणगाडा आहे. ‘चालणारा’ हे दुकानदाराचं मत. खरे रणगाडे भिंती पाडतात म्हणे. हा गालिच्याच्या काठाशी हरतो. त्याच्या पोटात शर्टाच्या बटणाएवढं प्लास्टिकचं गिअर आहे. गालिचा लागला की त्याचा दात पडतो, एका बाजूचा पट्टा थांबतो आणि शेपटीमागे लागलेल्या कुत्र्यासारखा रणगाडा जागच्या जागी फिरत राहतो.

मग वहिनीचा फोन येतो. “भाऊजी, पडला दात. रविवारी येताय ना?”

मी दातांचा डॉक्टर. पहिल्यांदा दात पडला तेव्हा वहिनीला माझी आठवण झाली, ती या न्यायाने. त्याआधी कित्येक वर्षं आम्हा भावांत अबोला होता. वडिलांच्या कपाटावरून फाटलं होतं. कपाट दोघांनाही नको होतं. “तू ने”, “तूच ने” करता करता आवाज चढले. कपाट शेवटी भंगारवाल्याने नेलं. अबोला आम्ही निम्मा निम्मा घेतला.

आता रविवारी मी दाढेत भरायचा मसाला घेऊन जातो आणि गिअरला नवा दात घडवतो. दादा बॅटरी धरतो.

“हलू नकोस.”

“पेशंटवरही असाच खेकसतोस?”

“त्यांचं तोंड उघडं असतं, त्यामुळे उलट बोलत नाहीत.”

तो दात जेमतेम आठवडाभर टिकतो. माझ्या धंद्याला हे शोभत नाही, म्हणून परवा मी पितळी गिअर शोधून आणलं. दादाने ते उलटसुलट करून पाहिलं.

“म्हणजे आता मोडायचंच नाही?”

“आपण मोडू, हे नाही मोडणार.”

“वा,” तो म्हणाला. बदलीची ऑर्डर वाचावी तसा.

गिअर चपखल बसलं. झाकण लावताना मात्र बारका स्क्रू घरंगळून नाहीसा झाला. दुसरा मिळेल म्हणून मी वहिनीचा बटणांचा डबा उघडला. तळाशी एक पाकीट होतं. आत अगदी असंच पितळी गिअर. पाकीट फोडलेलंही नव्हतं. मी मान वर केली, तर दादा रणगाड्याची मुळात स्वच्छ असलेली नळी मन लावून पुसत होता.

मी डबा बंद केला. प्लास्टिकचं गिअर कच्चं ठेवतात ते मोटर जळू नये म्हणून. ताण आला की कुणालातरी स्वस्तात मोडावं लागतं. आमच्या घरात ते काम कपाटाला जमलं नव्हतं.

“दादा, याचं भोक मोठं आहे. बसत नाही.”

“मी म्हणणारच होतो,” तो म्हणाला. “तू आपला दातच बसव.”

वहिनी दारात आली. “भाऊजी, मी काय म्हणते, हा गालिचाच उचलून ठेवू का?”

“राहू दे गं,” दादा म्हणाला. “खोली बोडकी दिसते.”