महिन्याचे दहा स्वाइप

मित्रांनो, मी एक जुने डेबिट कार्ड आहे. एके काळी माझा रंग गडद निळा होता. आता कडा पांढुरक्या पडल्या आहेत आणि पाठीवरची काळी पट्टी चरे पडून निकामी झाली आहे. माझ्या अंगावर उठावाच्या अक्षरांत एक नाव आहे, श्यामकांत हिरुळकर. माझी गोष्ट म्हणजे खरे तर त्यांचीच गोष्ट. त्यांच्या शर्टाच्या डाव्या खिशात मी राहत होते. त्यांच्या घरी जे घडत होते ते सर्वांत आधी मला कळले, आणि मला ते कोणालाच सांगता आले नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकच्या मोठ्या पत्र्यातून माझ्यासारखी पुष्कळ भावंडे कापून निघाली. आमच्या पाठीवर काळ्या पट्ट्या बसल्या, नावे उमटली, आणि आम्ही पाकिटांत बंद होऊन वेगवेगळ्या दिशांना गेलो. माझे पाकीट दिल्लीत द्वारकेच्या एका सोसायटीत, चौथ्या मजल्यावर उघडले गेले.

श्यामकांतराव केंद्र सरकारच्या एका खात्यातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे अकोल्याचे. उमेदीची सगळी वर्षे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि निवृत्तीच्या पैशांतून हा फ्लॅट घेतला. मला हातात घेताच त्यांनी चष्मा पुसला, शाईचे पेन काढले आणि माझ्या पाठीवरच्या पांढऱ्या पट्टीवर सही केली. काय सुरेख सही होती ती! 'श्या'चा काना तलवारीसारखा खाली उतरलेला आणि शेवटच्या 'र'खाली एक ठाम रेघ. त्यांच्या पत्नी हेमलताबाई कौतुकाने म्हणाल्या की, या सहीवर अख्खे खाते चालायचे.

त्या काळात रिझर्व्ह बँकेने बचत खात्याच्या व्याजावरचे बंधन उठवले होते आणि खाजगी बँकांमध्ये चढाओढ लागली होती. द्वारकेत रोज एखादी नवी शाखा उघडायची. आमच्या बँकेचा टाय लावलेला एक तरुण सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये आला आणि त्याने योजना समजावून सांगितली. खात्यावर इतरांपेक्षा जास्त व्याज मिळेल, पण एक अट आहे. महिन्यातून दहा वेळा कार्ड दुकानात वापरले पाहिजे. एटीएममधून काढलेले पैसे त्यात धरायचे नाहीत. एकही स्वाइप कमी पडला, तर त्या महिन्याला साधेच व्याज.

बाकीचे लोक समोसे खाऊन घरी गेले. श्यामकांतरावांनी मात्र ती अट मनावर घेतली. ज्या माणसाने आयुष्यभर नियम पाळले आणि पाळायला लावले, त्याला निवृत्तीनंतर पाळायला एक नियम मिळाला होता.

सकाळी दहाला ते इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडत. आधी बन्सल यांचे किराणा दुकान, मग औषधांचे, मग पुस्तकांचे. एकदम मोठी खरेदी करायची नाही, थोडी थोडी करायची. आज चहापत्ती, परवा डाळ. मला यंत्रातून ओढले की पावती टरटरत बाहेर यायची आणि ते सही करायचे. पहिल्या वाढीव व्याजातून त्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीत धूर ओढणारा पंखा बसवून घेतला. हेमलताबाईंनी त्या दिवशी मुद्दाम मिरचीची फोडणी करून पाहिली आणि ठसका लागला नाही म्हणून दोघेही हसले. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस हेच होते.

मग एका उन्हाळ्यात काहीतरी बदलले. सुरुवात इतकी बारीक होती, की ती फक्त मलाच जाणवावी. एका पावतीवर सही करताना त्यांचे पेन मध्येच थांबले. पुढचे अक्षर त्याला सापडेना. मग सही पुरी झाली, पण खालची रेघ आली नाही. दुकानदाराने पाहिलेसुद्धा नाही. पाठीवरची सही माझ्यापाशी होती आणि पावतीवरची माझ्या डोळ्यांसमोर. दोन्ही एकाच माणसाच्या आहेत असे कोणी म्हटले नसते. दर आठवड्याला त्यांच्यातले अंतर वाढत गेले.

त्यानंतर साबण येऊ लागले. सकाळी साबण घेतलेला असला, तरी संध्याकाळी ते पुन्हा बन्सल यांच्या दुकानात उभे राहायचे आणि साबण मागायचे. हेमलताबाईंनी एकदा विचारले, "अहो, कालच आणलेत ना?"

त्यांचा हात खिशावर आला. मला शर्टातून त्यांच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. ते म्हणाले, "स्वाइप पुरे व्हायला नकोत का, हेमा? साबण काही नासत नाही."

हेमलताबाईंना ते पटले. पटण्यासारखेच होते. त्या दिवसापासून हे उत्तर श्यामकांतरावांच्या कामी येऊ लागले. दोनदा आणलेले फिनेल, तीनदा आणलेली टूथपेस्ट, त्याच रंगाचा तोच टॉवेल, सगळे त्या एका योजनेच्या आड लपले. ते कोणाला फसवत होते असे मी म्हणणार नाही. ते घाबरले होते. आपले काय होते आहे हे त्यांना पुरते कळत नव्हते, आणि जेवढे कळत होते तेवढे कोणाला सांगायचे नव्हते.

त्यांची मुलगी रुचिता गुडगावच्या एका कंपनीत नोकरीला होती आणि तिथेच राहायची. रविवारी ती घरी आली आणि पाहुण्यांसाठी चादर काढायला तिने माळा उघडला. साबणाची खोकी धडाधड खाली आली.

"आई, ये क्या है यार? दुकान टाकायचंय का आपल्याला?"

हेमलताबाई हसल्या. बँकेची योजना कशी आहे आणि बाबा कसे नेमाने दहा स्वाइप करतात ते त्यांनी सांगितले. रुचितालाही हसू आले. श्यामकांतरावही हसले. पण त्यांचा अंगठा खिशात माझ्या कडेवर इतका घट्ट दाबलेला होता, की मी वाकले. आत्ता ओळखा, असे मी मनात म्हणत होते. नीट बघा त्यांच्याकडे. कोणी पाहिले नाही. चहा झाला, आणि रुचिता उशीर होतो म्हणून निघून गेली.

एकदा दुकानात त्यांनी बन्सल यांना विचारले, "कौन सा महीना चल रहा है?" बन्सल यांना वाटले, ते स्वाइपचा हिशोब लावत आहेत. ते म्हणाले, "नया शुरू हुआ है, साहब. अभी बहुत टाइम है." श्यामकांतरावांनी मान डोलावली. मात्र दुकानाबाहेर ते कितीतरी वेळ उभे राहिले. घर डावीकडे होते. ते उजवीकडे वळले, थांबले, आणि शेजारच्या ओळखीच्या बाई दिसल्यावर मुकाट्याने त्यांच्या मागून चालू लागले.

त्या हिवाळ्यात नवा नियम आला. नुसत्या सहीने भागेना; यंत्रावर पिन नंबर दाबावा लागू लागला. पहिल्याच दिवशी त्यांचे बोट आकड्यांवर घुटमळले. यंत्राने नकार दिला. त्यांनी पुन्हा काहीतरी दाबले, पुन्हा नकार. मशीन खराब आहे असे पुटपुटत ते निघाले आणि सोसायटीच्या बाकावर जाऊन बसले. खिशातल्या डायरीतून त्यांनी तो नंबर शोधला, मला पालथे घातले, आणि बॉलपेनने सहीच्या शेजारी चार आकडे कोरले. पेनचे टोक माझ्या पाठीत रुतत होते. कुलपावरच किल्ली टांगल्यासारखे झाले होते ते. बँकेत काम केलेला कोणीही माणूस ते बघून हादरला असता. पण मला चोराची भीती वाटली नाही. ज्या माणसाला नियम तोंडपाठ असायचे, त्याला हे करावे लागले, याची भीती वाटली.

मार्च महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. हेमलताबाई पोळ्या करत होत्या. श्यामकांतरावांनी चपला घातल्या आणि दारातून सांगितले, "एक स्वाइप राहिलाय. आलोच."

राहिलेला एकही नव्हता. दहा कधीच होऊन गेले होते. पण ते बन्सल यांच्या दुकानावरून पुढे गेले आणि मेट्रोच्या जिन्यावर चढले. गाडीत ते खिडकीपाशी ताठ बसले होते, ऑफिसला जाणाऱ्या माणसासारखे. राजीव चौकात गर्दीबरोबर उतरले. कॅनॉट प्लेसच्या गोल व्हरांड्यातून फिरता फिरता ते एका चपलांच्या दुकानात शिरले आणि काळे शाळेचे बूट मागितले. मुलीसाठी. माप त्यांनी हाताच्या पंजाने दाखवले. यंत्राने पिन मागितला, तेव्हा त्यांनी मला पालथे केले आणि आकडे एकेक करून दाबले.

पुढचे मला नंतर हेमलताबाईंच्या तोंडून कळले. श्यामकांतरावांचा मोबाइल घरी जेवणाच्या टेबलावरच राहिला होता. जेवणाची वेळ टळली तरी ते परतले नाहीत, म्हणून हेमलताबाई बन्सल यांच्याकडे जाऊन आल्या, बागेत पाहून आल्या, आणि शेवटी त्यांनी रुचिताला फोन केला. तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल वाजला. बँकेचा संदेश होता. कार्ड वापरले गेले होते. खाली दुकानाचे नाव होते आणि कॅनॉट प्लेस असे लिहिले होते.

"बाबा आणि कॅनॉट प्लेसला? एकटे?" रुचिताने फोनवरूनच विचारले. हेमलताबाई एकदम खुर्चीवर बसल्या आणि माळ्याकडे बघत राहिल्या.

इकडे आम्ही चालत होतो. ऊन तापले होते. कस्तुरबा गांधी मार्गावर त्यांच्या जुन्या कचेरीच्या फाटकापाशी पहारेकऱ्याने पास मागितला. त्यांनी मला पुढे केले. पहारेकऱ्याने मला उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "बाबूजी, ये तो बैंक का है." त्यांनी मला परत घेतले, त्याचे आभार मानले आणि पलीकडच्या बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. संध्याकाळी तिथून कर्मचाऱ्यांना घरी नेणारी चार्टर्ड बस सुटत असे. ती बंद होऊन वर्षे लोटली होती. ते रांगेत उभे होते आणि त्या रांगेत दुसरे कोणी नव्हते.

समोरून गाड्या जात होत्या. एकदा ते रस्त्यावर उतरले. एका टॅक्सीने करकचून ब्रेक मारला, चालक ओरडला, ते मागे सरकले. थोड्या वेळाने ते पुन्हा कडेला येऊन वाकून बघू लागले.

रुचिता आधी चपलांच्या दुकानात पोहोचली होती. तिथल्या माणसाने सांगितले की, साहेब ऑफिसच्या बसची वेळ झाली म्हणून घाईने गेले. ऑफिस म्हटल्यावर तिला हा रस्ता आठवला. लहानपणी ती कधी कधी आईबरोबर इथे येऊन बाबांची वाट बघत असे.

ती धापा टाकत समोर आली. श्यामकांतरावांनी तिच्याकडे पाहिले आणि अदबीने विचारले, "मॅडम, आर. के. पुरम की बस निकल गई क्या?"

रुचिताचा चेहरा मी पाहिला. तो पाहण्यापेक्षा माझी पट्टी तेव्हाच पुसली गेली असती तर बरे झाले असते. ती त्यांच्या शेजारी रांगेत उभी राहिली.

"नाही गेली," ती मराठीत म्हणाली. "मी पण त्याच बाजूला चाललेय. माझ्या गाडीतून येता का?"

मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला. गाडीत बसल्यावर त्यांनी खोके उघडून तिला बूट दाखवले. "मुलीसाठी घेतलेत. उद्या तिची शाळा सुरू होतेय. तिला बंदवाले आवडत नाहीत, बेल्टवालेच लागतात."

"हो," रुचिता म्हणाली. "बेल्टवालेच लागतात तिला."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी त्या आजाराचे नाव सांगितले. तो बरा होत नाही, हेही सांगितले. हेमलताबाई घरी येऊन त्या साबणांसमोर बसल्या. "मला वाटायचं, योजना आहे," एवढेच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. बँकेने त्या तिमाहीचे वाढीव व्याज वेळेवर जमा केले. अट अगदी नीट पाळली गेली होती.

मला बंद करण्यात आले आणि कपाटात ठेवले गेले. पण श्यामकांतराव रोज सकाळी रिकामा खिसा चाचपायचे आणि कासावीस व्हायचे. शेवटी हेमलताबाईंनी मला परत त्यांच्या खिशात घातले. आता त्या त्यांचा हात धरून बन्सल यांच्याकडे नेतात. बन्सल मला बंद यंत्रातून हळूच ओढतात आणि कोऱ्या कागदाचा तुकडा पुढे करतात. त्यावर आता एक आडवी रेघ उमटते, कधी तीही नाही. बन्सल म्हणतात, "हो गया, साहब."

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू जपायच्या की नाही ते तुम्ही ठरवा. आम्ही झिजलो तर दुसरे मिळते. पण तुमच्या घरात कोणी एकच गोष्ट दोनदा आणली, ओळखीच्या वळणावर अडखळले, आणि त्याचे अगदी पटण्यासारखे कारण दिले, तर हसून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ बसा. त्यांच्या हाताकडे, डोळ्यांकडे नीट बघा. त्यांना भीती वाटते आहे का, ते विचारा. आम्ही खिशातल्या वस्तू सगळे जाणतो, पण आम्हाला हाक मारता येत नाही.

दुकानातून परतताना श्यामकांतराव हल्ली रोज एकच प्रश्न विचारतात, "हेमा, महिना संपत आलाय का?"

हेमलताबाई त्यांचा हात अधिक घट्ट धरतात आणि म्हणतात, "नाही हो. अजून वेळ आहे."