चाकावरची वाफ

रमाकांत पोतनीसने कॉन्टेसाच्या पुढच्या चाकापाशी तोंड नेलं, 'हा' करून वाफ सोडली आणि फलालीनच्या तुकड्याने ती गोल गोल पुसून काढली. रविवारी सकाळी तरसालीतल्या त्या सोसायटीचे लोक फाफडा-जलेबी आणायला बाहेर पडत आणि जाता जाता ही पूजा बघून घेत. "पोतनीस साहेब, आमच्या स्कूटरवर पण जरा हात फिरवा ना," असंही कोणी म्हणे. तो मान वर करत नसे. वाफ, फडकं, पुन्हा वाफ, पुन्हा फडकं. आज मात्र हात मध्येच थांबला. लखलखत्या क्रोमवर मोहरीएवढे तपकिरी ठिपके उठले होते. मागच्या रविवारी ते नव्हते. त्याने एका ठिपक्यावरून नख फिरवलं, तर नख अडकलं.

गाडी जुनीच होती. बाजार खुला झाला होता आणि जो तो कमी पेट्रोल पिणाऱ्या छोट्या नव्या गाड्यांमागे लागला होता; अशा वेळी नंदेसरीतल्या एका कारखान्यात अ‍ॅसिड युनिटचा इन्चार्ज झालेल्या या शहाण्याने हा हत्ती दारात आणून बांधला. कारण एकच, तिची चाकं. आधीच्या कुणा हौशी मालकाने तिला क्रोमची चाकं बसवून घेतली होती. रमाकांत ती तळहातावरच्या फोडासारखी जपत असे. धुवायला फक्त साधं पाणी, धुतलं की लगेच कोरडं करायचं, तारेची घासणी जवळ फिरकू द्यायची नाही, वर मेणाचा हात, आणि पावसाळ्यात मेणावर व्हॅसलीन.

"माझ्या टाचांच्या भेगांना कधी आणलंत का व्हॅसलीन?" त्याच्या बायकोने, मोहनाने एकदा विचारलं होतं.

तो हसला होता. दुसऱ्या दिवशी आणलंही होतं. माणूस वाईट नव्हता.

ठिपके फक्त रस्त्याकडच्या दोन चाकांवर होते. दुसरी बाजू कुंपणाच्या भिंतीला चिकटलेली असे. तिथे बसायला जागाच नव्हती, त्यामुळे त्या चाकांवर हात लांब करून नुसतं फडकं फिरे. ती दोन्ही चाकं आरशासारखी होती. म्हणजे काम कुत्र्यांचं, असं सोसायटीचं एकमत झालं. रमाकांतने लाल पाण्याच्या बाटल्या गाडीभोवती ठेवल्या. कुत्री त्या बाटल्यांना टेकून झोपू लागली. मग त्याने चाकांना जुन्या गोधड्यांचे अभ्रे शिवून घातले. तरी ठिपके वाढलेच. शेवटी त्याने गाडी उलट्या तोंडाने लावून पाहिली. आता चांगली चाकं रस्त्याकडे आली, खराब झालेली भिंतीकडे गेली. थोड्याच दिवसांत चांगल्या चाकांवरही ठिपके उठले, आणि भिंतीकडच्या चाकांवर एकही नवा आला नाही.

तेव्हा तो रावपुऱ्यात फत्तेसिंहरावांच्या दुकानात गेला. मोटारीच्या जुन्या भागांचा त्यांचा धंदा होता, आणि रमाकांतच्या वडिलांशी त्यांची जुनी ओळख.

"आवो आवो, रमाकांत. बैस. चहा घेशील ना?" त्यांनी समोरच्या चहाच्या लारीवाल्याला हात केला. "बे चा मोकलजो, भाई!" मग चष्मा कपाळावर सारून ते दारात उभ्या केलेल्या गाडीच्या चाकाशी वाकले. "कुत्रं नाही रे हे. कुत्रं खालून भिजवतं. हे तर बराबर मधोमध आहे."

"मग काय?"

"अ‍ॅसिडची वाफ. दुसरं शुं? घराजवळ कोणी प्लेटिंगचं काम करतं का?"

"नाही हो. सगळे नोकरीवाले आहेत."

"मग जप. आतलं लोखंड दिसायला लागलं की संपलं." फत्तेसिंहराव चहाच्या कपावर फुंकर मारत म्हणाले. "सिगारेटच्या पाकिटातली चांदी ओली करून हलकी घास, ठिपका निघेल. पण खड्डा राहणार."

घरी आल्यावर रमाकांतने तेही केलं. ठिपके गेले, खड्डे राहिले. मग सवयीने तो चाकाजवळ वाकला आणि त्याने वाफ सोडली. क्रोमवर एक पांढरट वर्तुळ उमटलं, बशीएवढं. कडेकडेने ते आक्रसत गेलं, नाहीसं झालं. सगळे खड्डे त्या वर्तुळाच्या आत होते. बाहेर एकही नव्हता.

तो उठला. उगाचच गाडीभोवती एक चक्कर मारून परत आला. दुसऱ्या चाकावर वाफ सोडून पाहिलं. तिथेही तेच.

अ‍ॅसिडवर पोट असलेल्या माणसाला असले विचार शोभत नाहीत, असं त्याने स्वतःला बजावलं. दर वर्षी कारखान्याचा डॉक्टर त्याच्या छातीचा फोटो काढत असे आणि "एकदम क्लिअर" म्हणून पाठीवर थाप मारत असे. खोकला नाही, दम लागत नाही. तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव असे, पण ती त्या खात्यातल्या सगळ्यांनाच असे; तिच्यावर बडीशेपेचा उतारा होता. त्याने डिकी उघडली. आतली स्टेपनीही क्रोमचीच होती आणि आजवर तिला ना रस्ता माहीत होता ना कुत्रं. त्याने तिच्या एका कडेला, एकाच जागी वाफ सोडली, पुसली, आणि डिकी बंद केली. हसूही आलं त्याला स्वतःचं.

पुढच्या रविवारी त्याने डिकी उघडली. स्टेपनी चकाकत होती. फक्त त्या एका जागी, बशीएवढ्या गोलात, बारीक तपकिरी ठिपके उठले होते.

त्याने डिकी आवाज न करता लावली, जणू आत कोणी झोपलं होतं.

घरात मोहना चटईवर बसून चिंचेच्या कोळाने काहीतरी घासत होती. त्यांची सहा वर्षांची इरा शेजारी पालथी पडून चित्र रंगवत होती.

"काय घासतेस?" त्याने दारातूनच विचारलं.

"हिच्या गळ्यातली चांदीची साखळी. बघा ना, परवाच तर चकचकीत केली होती, पुन्हा काळीठिक्कर. सासूबाई म्हणतात, पोरीच्या अंगात उष्णता आहे. सब्जा द्या म्हणाल्या."

"तुझे पैंजण?"

"माझे कुठे काळे पडतात? चार वर्षं झाली, पायात आहेत तसे आहेत." मोहनाने साखळी उजेडात धरली. "आणि हिची पण सगळी नाही हो पडत काळी. मागची बाजू बघा कशी छान आहे. पुढेच काय ते."

इरा रोज रमाकांतच्या दंडावर डोकं ठेवून, त्याच्याकडे तोंड करून झोपत असे. गोष्ट सांगता सांगता त्याचाच आधी डोळा लागे, आणि त्याची हनुवटी तिच्या केसांवर टेकलेली असे. चार वर्षांची ही सवय होती. आजवर त्याला सगळ्यात सुखाची वाटत आलेली गोष्ट तीच.

त्या दिवसापासून तो बाहेरच्या खोलीत झोपू लागला. शिफ्ट बदलली आहे, झोपमोड होते, असं त्याने सांगितलं. इराशी बोलताना तो मान वळवू लागला. मोहनाने एकदोनदा त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि मग ती त्याचं अंथरूण स्वतःच बाहेरच्या खोलीत घालू लागली. तिला भलतंच काही वाटलं असणार. खरं सांगायची त्याची छाती होत नव्हती. सांगणार तरी काय? नोकरी सोडतो म्हणावं, तर कारण विचारतील. आणि सोडून काही उपयोग होईल का, हेही कोण सांगणार? चाकं तर त्याने पाहिली होती. ठिपके घासून काढता येत होते, खड्डे तसेच राहत होते.

एका दुपारी मोहना वाण्याकडे गेली होती. रमाकांत पेपर पुढे धरून बसला होता. स्वयंपाकघरात काहीतरी खणकन पडलं आणि इरा उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरून धावत आली. ओट्यावरच्या गरम तव्याला तिचा हात लागला होता.

"बाबा, भाजलं."

तो तिला उचलून नळाकडे घेऊन गेला. बोट पाण्याखाली धरलं. लाल झालं होतं, फोड आला नव्हता. जीव भांड्यात पडला त्याचा. एवढा वेळ तिचं डोकं आपल्या खांद्याला टेकलं आहे आणि आपलं तोंड भिंतीकडे आहे, हे त्याच्या लक्षात आलं, तसं त्याने तिला खाली ठेवलं.

"आता फुंकर घाला ना."

"पाण्याने बरं वाटेल. धर अजून जरा वेळ."

"नको पाणी. फुंकर."

त्याने बाहेरून पेपर आणून त्याची घडी केली आणि तिच्या बोटावर वारा घालू लागला. इराने थोडा वेळ ते सहन केलं. मग तिने पेपर बाजूला सारला.

"बाबा, तुम्ही माझ्यावर रागावलात?"

त्याने जोरजोराने मान हलवली. बोलण्यासाठी तोंड उघडायला हवं होतं, ते त्याने उघडलं नाही. आपण श्वास कधी रोखला, हे त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. बाबांनी फुंकरीसाठीच श्वास भरून घेतलाय, असं इराला वाटलं असावं. तिचे डोळे एकदम निवळले. ती स्टुलावर चढली, एका हाताने तिने त्याची हनुवटी धरून आपल्याकडे वळवली, आणि भाजलेलं बोट त्याच्या मिटलेल्या ओठांपाशी आणून ती वाट पाहत उभी राहिली.

रमाकांतच्या कानशिलांत ठोके पडत होते. छाती फुटायला आली होती. इराने आपला चेहराही जवळ आणला होता.