प्रतिक्षाचा खांदा आणि गल्लीचा कोपरा

प्रतिक्षाचा खांदा बरा झाला. पण ही बातमी अजून कुणाला नाही, खुद्द प्रतिक्षालाही नाही, तेव्हा आपणही न ऐकल्यासारखं करू.

तर खांदा ठणकत होता. दुर्बिणीतून अंडाशयाची गाठ काढून ती कालच घरी आली होती. पोटावरचे टाके बिचारे गप्प होते. बोंबलत होता उजवा खांदा.

"गाठ पोटात, आन दुखतंय खांद्यात," सासू मनकर्णा म्हणाली. "डॉक्टर चुकून वरच्या मजल्यावर गेलती काय गं?"

"आत्या, ऑपरेशनात पोट फुगवायला गॅस भरत्यात. थोडा आत राहतो, बरगड्यांखालच्या पडद्याला टोचतो, आन दुखणं खांद्यात निघतं. गोळी घ्या, शेका आन हळूहळू चाला म्हणलेत."

गोळी झाली. टॉवेलच्या कारखान्यात कामाला असलेल्या नवऱ्यानं, यशपालनं, तिथलाच एक टॉवेल गरम करून शेकलं आणि तो पाळीला गेला. चालणं तेवढं जमेना. कारण माणसं बघायला येत होती, आणि बघायला येणाऱ्यांना पेशंट आडवा लागतो.

"झोप की," शेजारची निंगव्वा मावशी नाराज झाली. "उभ्या बाईला बघायला शहाळं आणलंय व्हय मी?"

प्रतिक्षा झोपली. खांदा पेटला.

निंगव्वा निघाली तशी मनकर्णा अडचणीत आली. या घरात पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत पोचवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि तिचे गुडघे संपावर होते.

"मी जाते, आत्या," प्रतिक्षा म्हणाली, चेहरा जमेल तितका आज्ञाधारक ठेवून.

सावकाश गेली, सावकाश आली. खांदा जरा ऐकू लागला. मग मंद्रूपचे रामहरी मामा आले, त्यांनाही पोचवलं. मामा मध्येमध्ये थांबून आपल्या मूळव्याधीची हकीकत सांगत, तरी फायदा झाला.

संध्याकाळी पाहुणे संपले. ठणका थोडा उरला होता. प्रतिक्षा दाराकडे बघत बसली. तिला तसं बघत बसलेलं पाहून मनकर्णा मागच्या दारानं बाहेर गेली आणि तिनं पुढच्या दाराची कडी वाजवली.

"मनकर्णाबाईची सून आजारी हाय म्हणं. बघून जावं म्हणलं."

"बसा की. सासू कुटं गेल्यात कुणास ठाऊक."

"लई चांगली बाई हाय ती."

"असं त्या पण म्हणत्यात."

चहा घेऊन पाहुणी उठली. एकमेकींना धरून दोघी निघाल्या. एकीचे गुडघे कुरकुरत होते, दुसरीचा खांदा हळूहळू सैल होत होता, आणि तेवढ्यात कोपरा आला.

सबब, माननीय आयुक्त, सोलापूर महानगरपालिका यांना विनंती, की सदर गल्लीचा कोपरा सदर सुनेचा खांदा पूर्ण बरा होईपर्यंत चार घरं पुढे सरकवण्यात यावा.