गच्चीवरून पहिलं विमान

आमच्या ह्यांना पहिलेपणाचं भारी वेड. कुठलीही गोष्ट पहिल्यांदा घडली की तिचा फोटो हवाच. रबाळ्याच्या कारखान्यात फिटर होते तोवर हे वेड रविवारपुरतं होतं. निवृत्त झाले, आमच्या रोहनने चांगला कॅमेरा घेऊन दिला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. खाडीवर आलेले वर्षातले पहिले फ्लेमिंगो, कुंडीतल्या लिंबाचं पहिलं फूल, मनालीला पडलेला पहिला बर्फ. आता बर्फाचा फोटो काढायचा तर नुसता बर्फ काढावा की नाही? पण नाही. समोर माणूस असल्याशिवाय फोटोला जीव येत नाही, असं ह्यांचं ठाम मत. तो माणूस म्हणजे मी. परभणीहून आल्यावर ह्यांनी मला समुद्र दाखवला म्हणतात. मी तो घरी येऊन फोटोत पाहिला. तिथे होते तेव्हा माझी त्याच्याकडे पाठ होती.

नात झाली आणि माझी सुटका झाली. मैत्री चालायला लागल्यापासून समोर उभं राहायचं काम तिच्याकडे गेलं. पाच वर्षांची पोर, पण आजोबांनी कॅमेरा डोळ्याला लावला की ओठ ताणून हसायची आणि हू की चू करायची नाही. "बघ, कशी गुणाची आहे," हे मला टोमणा मारायचे.

नवी मुंबईचा विमानतळ सुरू होणार म्हटल्यावर आमच्या उलव्यात सणच होता. चाचणीची विमानं आधी येऊन गेली होती, पण ती ह्यांच्या हिशेबात धरायची नव्हती. प्रवासी घेऊन उतरेल ते पहिलं. एरवी कुलूप असलेली गच्ची सोसायटीने त्या सकाळी उघडली. रोहन आणि सूनबाई अस्मिता दोघंही कामावर. त्यांना फोटो पाठवायचं कबूल करून आम्ही मैत्रीला नवा पिवळा फ्रॉक घातला आणि वर गेलो.

बाराव्या मजल्याच्या वरची ती गच्ची. मला उंचीची भीती वाटते, लाजायचं काय त्यात. कठडा उंच होता तरी मी मैत्रीचा हात घट्ट धरून मधोमध उभी राहिले. हे एका गुडघ्यावर बसले. पोर आणि विमान दोन्ही एका फोटोत आणायचे होते ना!

"मैत्री, थोडी मागं हो. अजून. अजून थोडी."

मीही तिच्याबरोबर मागे सरले.

"अगं गिरजा, हात सोड तिचा. तू फोटोत येतीस."

"अहो, गर्दी हाय इथं."

"मी बघतोय ना तिच्याकडं! सोड."

मी हात सोडला आणि बाजूला झाले. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "आलं, आलं!"

खरं सांगते, इतकं मोठं काहीतरी डोक्यावरून जाताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. पोटाखालची चाकं दिसत होती. आवाजाने छातीत धडधडत होतं. सगळ्यांचे मोबाइल वर, माना वर. पोरं टाळ्या पिटत होती. मीही वेड्यासारखी हात हलवत होते, जणू आतलं कुणी मला ओळखणार होतं. फार आनंद झाला मला. विमान इमारतींच्या मागे खाली उतरलं, मी हसतच वळले आणि मैत्री तिथे नव्हती.

"अहो, मैत्री कुठाय?"

"तुझ्याजवळ हाय की," हे कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाले.

"माझ्याजवळ कुठली? तुम्ही बघत होता ना तिच्याकडं?"

त्यांनी वर पाहिलं.

मग सगळी गच्ची तिच्या नावाने ओरडायला लागली. कुणी जिन्यात धावलं, कुणी लिफ्टकडे. हे पाण्याच्या टाकीची शिडी चढले, झाकण हलवून पाहिलं, उतरले, परत चढले. मी पिवळा रंग शोधत होते. दिसेल त्या पिवळ्याकडे धावत होते आणि प्रत्येक वेळी ती कुणाची तरी ओढणी निघत होती. कठड्यापाशी जाऊन खाली वाकून बघायला हवं, हे मला कळत होतं. मला ते जमेना. कुणालाच जमेना. शेवटी शेजारच्या चारुलताने वॉचमनला फोन लावला. "भैया, जरा बिल्डिंगच्या चारी बाजूंनी बघा ना, खाली कुठे..." तिने फोन स्पीकरवर टाकला होता. वॉचमनची चप्पल वाजत होती. मग तो म्हणाला, "सामने तो कुछ नहीं है. पीछे देखता हूँ."

तो मागे पोचायच्या आत मला पोचायचं होतं. का ते माहीत नाही, पण मी जिन्याच्या खोलीला वळसा घालून पळाले. तिच्या मागे एक बोळ होती. तिच्या तोंडाशी गच्चीवर बसवायच्या सोलरच्या पाट्या रचून ठेवल्या होत्या, म्हणून आत कुणी पाहिलंच नव्हतं. मी पाट्यांच्या आडून आत डोकावले.

मैत्री बोळीच्या टोकाला उभी होती. तिच्या मागे कठडा नव्हता. पाट्या दोरीने वर ओढायला तेवढाच तुकडा फोडलेला होता आणि आडवी बांधलेली सुतळी सुटून खाली पडली होती. तिच्या मागे नुसतं आभाळ होतं. फ्रॉक वाऱ्याने मागे उडत होता. आणि ती हसत होती. ओठ ताणून, फोटोतलं हसू.

मी एक पाऊल टाकलं.

"आजी, तू मध्ये येतेस ना!" ती कुजबुजली आणि आणखी मागे सरली.

पुढे जावं तर ती मागे जाणार. ओरडावं तर दचकणार. मागे लोक तिला हाका मारत होते आणि मला वाटत होतं, कुणी इकडे येऊ नये, कुणी नको. मी हात मागे केला, पाटीवर बोटं वाजवली आणि भाजी निवडायला बोलवावं तशी म्हणाले, "अहो, जरा इकडं या."

हे आले. त्यांनी पाहिलं. क्षणभर मला वाटलं, हे आता धावणार. मी त्यांचा सदरा मुठीत धरला. पण त्यांनाही कळलं असावं. त्यांनी हळूच कॅमेरा उचलला आणि डोळ्याला लावला.

"मैत्री, लई लांब गेलीस बाळा," ते म्हणाले. आवाज रोजचा होता. "चेहरा दिसंना. पुढं ये."

तिने एक पाऊल पुढे टाकलं. "बस?"

"अजून. अजून पुढं. खाली बघू नको, माझ्याकडं बघ."

"हसू?"

"हस. हसत ये."

ती हसत आली. एक एक पाऊल, जपून, फोटो बिघडू नये म्हणून. पाटीजवळ आली तशी मी तिला ओढली आणि तिला पोटाशी धरून तिथेच खाली बसले. ती आकाराने एवढीशी, पण माझ्या हातात मावेना. तिचे केस, कान, पाय, सगळं चाचपून बघत होते. बाहेर फोनवर वॉचमन सांगत होता, "पीछे भी कुछ नहीं है." चारुलता ढसाढसा रडायला लागली.

"मी ओ देत नव्हते," मैत्री माझ्या कुशीतून म्हणाली. "सगळे हाका मारत होते, तरी हलले नाही. लोक मध्ये येत होते, म्हणून मी मागे मागे गेले." मग ती अंग सोडवून ह्यांच्याकडे वळली. "दाखवा ना आजोबा."

ह्यांच्या हातात कॅमेरा तसाच होता. ते भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"काय दाखवू बाळा?"

"माझा फोटो."

"नाही काढला."

तिला ते खरं वाटेना. तिने स्वतः पडद्यात वाकून पाहिलं. विमान होतं. विमानच विमान होतं.

"काढलाच नाही? मग मला एवढं मागे कशाला पाठवलं?"

मी तिला परत जवळ घ्यायला गेले, तर तिने माझे हात झटकले. आणि मैत्री आम्हा दोघांवर चिडून, पाय आपटत, मोठ्याने रडायला लागली.